काटा शून्य करणारी ओळ

सकाळी मी एक चूक दुरुस्त केली आणि बाबांचा उरलासुरला एकमेव शब्द गेला.

चूक किरकोळ होती. बाबांना बोलता यावं म्हणून मी लिहिलेला प्रोग्रॅम सुरू केला की मागच्या काळ्या खिडकीत एररच्या चार ओळी उमटायच्या आणि पुढे स्क्रीनवर सगळं निमूट चालू राहायचं. आठवडाभर मी त्या ओळींकडे शेजारच्या घरातल्या भांडणाकडे करावं तसं दुर्लक्ष केलं होतं. ऐकू येतं, पण आपल्याला काय त्याचं. आज मात्र चार वाजता दादा येणार होता, बाबांना बोलतं करू बघणाऱ्या बोलबाई येणार होत्या, आणि माणसं येणार म्हटलं की आपण कपाटावरची धूळसुद्धा पुसतो, कुणी कपाटावर बसणार नसतं तरी. मी ती ओळ शोधली, खोडली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. काळी खिडकी स्वच्छ. दोन क्षण धन्य वाटलं. मग पुढे बघितलं तर स्क्रीनही तितकाच स्वच्छ होता. सोळा राखाडी चौकोन. कालपर्यंत पंधराच राखाडी असायचे. सोळाव्यात, खाली उजव्या कोपऱ्यात, मी काढलेला एक उघडा पंजा दिसायचा, आणि त्याचा अर्थ 'नको' असा होता. बाबांनी त्यांचा चालता हात, म्हणजे डावा, उचलून सवयीनं त्या कोपऱ्यात बोट टेकवलं. 'नको,' स्क्रीन म्हणाला. माझ्या आवाजात, कारण सगळे शब्द मीच बोलून भरलेत. आवाज शाबूत होता, पंजा नव्हता. बाबांनी बोट वर करून बोटाकडेच बघितलं, पुसलं गेलं ते आपल्यामुळे की काय अशा संशयानं, आणि मग हात मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघायला लागले. 'अहो बाबा, दाबा ना, आवाज येतोय की,' असं मी तीनतीनदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. डोळ्यांना दिसल्याशिवाय काहीही मान्य करायचं नाही हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा होता.

धंदा म्हणजे ते गाडीच्या परवान्याची परीक्षा घ्यायचे. उमेदवाराच्या शेजारी बसायचे आणि पूर्ण वेळ गप्प. गाडीत बोललं की समोरच्याचं लक्ष उडतं आणि मग नापास कुणाला करायचं हा प्रश्न पडतो, असं त्यांचं म्हणणं. कित्येक माणसं त्यांना मुकं समजून खाणाखुणा करायची. गाडी थांबली की ते एक वाक्य बोलायचे आणि ते वाक्य माणूस घरी घेऊन जायचा. दादाला त्यांनी दोनदा नापास केलं. पहिल्यांदा, 'आरशात बघितलं नाहीस.' दुसऱ्यांदा, 'आरशातच बघत होतास.' तिसऱ्यांदा दादा शेजारच्या शहरात जाऊन पास झाला आणि येताना गाडी स्वतः चालवत आला, तर बाबांनी दारात उभं राहून ती कशी लावली ते बघितलं आणि काही न बोलता आत गेले. दादाला हे अजून आठवतं. मला हे आठवतं की त्या दिवशी दादा बराच वेळ गाडीतच बसून होता, काच वर करून. मी तेव्हा शाळेत होतो. मी काचेवर टकटक केली, तर त्यानं आतून तोंड हलवून काहीतरी म्हटलं. काचेमुळे ऐकू आलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं कदाचित. मी टायर बघत बसलो.

बाबांचे शब्द गेले ते एका साध्या सकाळी, टेबलाशी. त्यांना पेपर हवा होता. ते म्हणाले, 'हातोडा दे.' आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, जी या घरात माझ्याही आधीपासून आहे, तिनं पापणी न हलवता हातोडा आणून दिला. या घरात मागितलेली वस्तू का हवी हे विचारायची पद्धत नाही. बाबांनी हातोड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दवाखान्यात, नंतर आणि अजूनही, डोळे मिटले की बघतो. भीती नव्हती ती. आपण बरोबर उत्तर लिहिलंय आणि तपासणाऱ्यानं काट मारलीय, असं काहीतरी. उजवा हात गेला, पाय ओढायला लागले, आणि तोंडातून एकही नीट शब्द येईना. बोलबाई त्यानंतर आल्या. वाचा-उपचार असा लांबलचक शब्द आहे त्यांच्या कामाला, पण आत्यानं पहिल्याच दिवशी बोलबाई म्हटलं आणि त्यांनीही ते मान्य केलं. त्या म्हणाल्या, 'गोदाम भरलेलं आहे हो. फक्त गोदामवाला रजेवर गेलाय. समज सगळी आहे.' चित्रांची पाटी करा म्हणाल्या. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येईल अशी. मी म्हटलं, पाटी कशाला, मी प्रोग्रॅमच लिहितो. मी वजनकाट्यांच्या कंपनीत स्क्रीन लिहितो. पोतं काट्यावर ठेवलं की आकडा दिसतो, तो आकडा दिसण्यामागे मी असतो. भंगारात निघालेला एक टच स्क्रीन मी तिथून उचलून आणला. त्याच्या कडेला अजून स्टिकर आहे, 'एका वेळी एकच पोतं ठेवा.'

दादा वाईट नाही. हे कबूल करायला मला जड जातं, पण नाही. बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा मी कामावर होतो आणि आत्यानं त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवून शेजारच्यांना हाका मारल्या होत्या. दादानं ते ऐकलं आणि एक संस्था शोधली. बाग आहे, नर्स आहेत, भिंतींना धरायला दांडे आहेत. संस्थेचा नियम साधा आहे: माणसाला स्वतःचं मत सांगता येत असेल तर त्याचं मत, येत नसेल तर मोठ्या मुलाचं. येतं की नाही ते बोलबाईंनी बघून सांगायचं. गेल्या आठवड्यात एक तालीम झाली. बोलबाईंनी विचारलं, 'काका, जायचंय का तिकडे?' आणि बाबांनी दिसत होतं ते एकमेव चित्र दाबलं. 'नको.' मी टाळीच वाजवणार होतो. दादा शांतपणे म्हणाला, 'बारक्या, त्याला काही अर्थ नाही. पाटीवर एकच बटण दिसतंय. बाबा, तुम्ही पोपट आहात का?' बाबांनी त्याच्याकडे बघत दाबलं, 'नको.' 'बघ. मला बसवलंस तर मीही तेच दाबीन. आणि मुळात हे नको म्हणतंय कोण? आवाज तुझाच आहे.' मला त्याला मारावंसं वाटलं, मुख्यतः तो बरोबर होता म्हणून. बोलबाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. 'पुढच्या खेपेला सगळी चित्रं दिसू देत,' म्हणाल्या. 'नाहीतर मला काही लिहिता येणार नाही.'

तेव्हापासून मी चित्रांच्या मागे होतो. फाइली सगळ्या जागच्या जागी होत्या. एकेक वेगळी उघडली की दिसायची. नावं बरोबर, आकार बरोबर. मला वाटलं माझी चित्रकलाच नडतेय, कारण 'हो'साठी मी मान डोलावणारा माणूस काढायला गेलो आणि तो पाठ धरलेला माणूस झाला होता, 'चादर' तर नकाशासारखी दिसायची. पायथनला, म्हणजे ज्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहितो तिला, एवढी रसिकता असेल असं वाटत नव्हतं, तरी मी सगळी पुन्हा काढली. तरीही पंधरा चौकोन राखाडी. आणि आज, त्यांचं भलं करायला गेलो तर सोळावाही.

मी टेबलाशी बसलो. बाबांची पाठ माझ्याकडे. आत्या भाजी निवडत होती आणि मधूनमधून देठ मोडल्याचा आवाज येत होता, दुसरा नाही. खोडलेली ओळ मी पुन्हा वाचली. काटा शून्य करणारी ओळ होती ती. आमच्या कंपनीत प्रत्येक स्क्रीनच्या शेवटी हीच ओळ असते. पोतं यायच्या आधी काट्यानं शून्य दाखवलं पाहिजे. बाबांच्या बोलण्याचा प्रोग्रॅम लिहितानाही माझ्या हातानं शेवटी ती लिहिली होती. जेवून उठताना ताट उचलावं तशी, विचार न करता. आता या घरात काटा कुठला? प्रोग्रॅम काट्याला हाक मारायचा, काटा नसायचा, प्रोग्रॅम तोंडावर आपटायचा. एरर ती एवढीच. म्हणजे आठवडाभर मी माझ्या वडिलांना रोज सकाळी शून्य करायचा प्रयत्न करत होतो आणि ते होत नव्हते. हे मला इतकं आवडलं की मी ओळ परत घातली. नुसती आदरापोटी. सुरू केलं. मागे चार ओळींची तक्रार, पुढे पंधरा राखाडी चौकोन, आणि खाली उजवीकडे पंजा.

मी दोन्ही करून बघितलं. ओळ काढली, पंजा गेला. घातली, आला. चूक आहे तोवर 'नको' आहे, चूक गेली की 'नको'ही गेलं. मग मी क्रम बदलला आणि 'चादर' सगळ्यात शेवटी ठेवली. आता चादर दिसायला लागली आणि पंजा गडप. म्हणजे चित्राचा गुण नव्हता, जागेचा होता. शेवटचं, आणि तेही आपटल्यावर. मी उठलो, पाणी न पिता परत बसलो. कंपनीत असं कधी झालं नाही, कारण आम्ही फक्त आकडे दाखवतो, आणि आकडा बटण स्वतःजवळ लिहून ठेवतं. चित्राचं तसं नाही. बटणाला चित्राचं नाव माहीत असतं, एवढंच. ते चित्राला धरून ठेवत नाही. धरलेलं असतं ते फंक्शननं, म्हणजे चित्रं मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यानं, आणि फंक्शनला एकच हात दिला होता मी. त्या एका हातानं ते पहिलं चित्र उचलतं, दाखवतं, दुसरं उचलायला पहिलं सोडतं. सुटलेल्या चित्राला कुणी धरलेलं नाही असं दिसलं की पायथनचा झाडूवाला ते लगेच उचलून नेतो. त्याचा राग नसतो कुणावर, कुणाचीच नाही ती वस्तू म्हणजे कचरा, एवढंच त्याला शिकवलंय. शेवटचं चित्र हातात राहतं, पण फंक्शन सुखरूप संपलं की हात उघडतो आणि तेही जातं. न संपता आपटलं तर मात्र पंचनामा होतो. आपटताना हातात जे होतं ते पुराव्यादाखल तसंच ठेवतात, पुढचा अपघात होईपर्यंत. बाबांचं 'नको' आठवडाभर एका पंचनाम्यात जिवंत होतं.

एकदा कळल्यावर उपाय एका ओळीचा होता. चित्र बटणाला नुसतं दाखवायचं नाही, प्रत्येक बटणाच्या खिशात त्याचं त्याचं चित्र ठेवून द्यायचं. धरणारा कुणीतरी असला की झाडूवाला हात लावत नाही. मी ओळ लिहिली आणि सुरू करायचं बटण दाबलं नाही. कारण सोळा चित्रांत 'हो'ही होतं. पाठ धरलेला माणूस, पहिल्या रांगेत पहिला, डाव्या हाताला सगळ्यात जवळ. आतापर्यंत मी लढत होतो ते बाबांना नको आहे हे धरून, आणि बाबांना नको आहे हे मला कशावरून माहीत? दिसत होतं तेच ते दाबत होते. दांडे असलेल्या भिंती त्यांना हव्या असतील. मी आंघोळ घालताना ते छताकडे बघतात. कदाचित तिथे एखादी अनोळखी नर्स बरी, असं वाटत असेल त्यांना. शिवाय चूक परत घातली की काम भागत होतं. 'नको' शेवटी, काटा शून्य, धाडकन एरर, पंजा हजर. दादा म्हणेल ते म्हणेल. मी म्हणेन, काय करू, चित्रं दिसत नाहीत, पायथनच तसं आहे. दादाला काय कळतंय. मी दोन्ही ओळींकडे बराच वेळ बघत बसलो.

'झालं का रे तुझं?' आत्या म्हणाली.

'बघतोय.'

'काय बघतोस? सोळा चित्रं काढलीस म्हणे. त्यात उशी आहे, पंखा आहे. मी आहे का?'

'तू नाहीस.'

'का?'

'तू न बोलावता येतेस, आत्या.'

तिनं एक देठ मोडला. 'माझं काढ. त्याला मला शिव्या द्यायच्या असतील तर कुठलं बटण दाबायचं त्यानं? साठ वर्षं देतोय. आता अचानक बंद झाल्या तर मला करमेना झालंय.'

मी हसलो नाही, कारण ती हसत नव्हती. मला एकदम स्वतःचाच राग आला. बाबा आयुष्यभर बोलले नाहीत ते न बोलायचं ठरवून, आणि मी त्यांच्या पुढ्यात एकच शब्द मांडून ठेवून त्याला त्यांचं मत म्हणत होतो. दादा त्यांना जागा निवडून देत होता, मी शब्द निवडून देत होतो. तो निदान बाग देत होता. मी काटा शून्य करणारी ओळ कायमची खोडली, खिशाची ओळ ठेवली, आणि सुरू केलं. सोळाच्या सोळा चित्रं आली. वाईट काढलेली, वाकडी, पण आली ती राहिली. बाबा खिडकीकडून वळले नाहीत.

दादा वेळेच्या आधी आला, बोलबाई वेळेवर. दादाचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढला, मग काय करावं न कळून स्टिकर वाचलं. 'एका वेळी एकच पोतं,' तो म्हणाला. 'माझ्यासाठी लावलंस का?'

'आधीपासूनच होतं.'

'सगळी दिसतायत,' बोलबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बाबांच्या समोर बसल्या. 'हा पाठदुखीचा कोण?'

'तो हो म्हणतोय,' मी म्हटलं.

'बरं. काका, इकडे बघा. घाई नाही. सगळी नीट बघून घ्या आधी.'

बाबा वळले. त्यांनी सगळी चित्रं बघितली, रांगेनं, डावीकडून उजवीकडे, आरसे, ब्रेक, क्लच तपासावेत तशी. नकाशासारख्या चादरीपाशी थांबून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मी नापास झालो हे मला स्वच्छ कळलं. एका राखाडी आठवड्यानंतर मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

'मोठ्या मुलानं तुमच्यासाठी एक जागा बघितलीय,' बोलबाई म्हणाल्या. 'बाग आहे, नर्स आहेत, रात्री-बेरात्री कुणीतरी जागं असेल. तिकडे राहायला जायचं का?'

बाबांचा डावा हात उठला. बोट पाठधऱ्या माणसावर गेलं आणि तिथेच, टेकायला कागदभर अंतर ठेवून, थांबलं.  मी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचा विचार करत राहिलो, धीर सुटायला लागला की हा एक उपाय आहे. बोट हललं. खाली आलं, दुसऱ्या रांगेत सरकलं आणि टेकलं.

'पाणी,' माझा आवाज म्हणाला.

'बघा,' दादा म्हणाला. 'प्रश्न काय आणि—'

बोलबाईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. मी आत जाऊन पेला भरून आणला आणि बाबांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. हनुवटीनं दादाकडे खूण केली. मी तसाच उभा राहिलो.

'अरे दे की त्याला,' आत्या म्हणाली. 'उन्हातून आलाय तो. एवढंही कळत नाही.'

दादानं पेला घेतला. 'मला तहान नाहीये, बाबा.'

'पाणी,' बोट म्हणालं.

दादा प्यायला. एकदा प्यायला लागल्यावर सगळंच प्यायला. तहान होतीच त्याला. बाबा त्याच्या गळ्याकडे बघत होते, शेवटचा घोट जाईपर्यंत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर यजमानाचं समाधान होतं. मग बोट तिसऱ्या रांगेत उतरलं. तिथे एक उभा चौकोन होता आणि त्यात एक ठिपका. सोळांतलं तेवढंच चित्र मला जमलं होतं.

'दार,' माझा आवाज म्हणाला.

दादानं माझ्याकडे बघितलं.

'माझ्याकडे काय बघतोस,' मी म्हटलं. 'मी फक्त आवाज दिलाय.'

'काका,' बोलबाई पुढे वाकल्या, 'मला लिहायचंय, म्हणून नीट विचारते. म्हणजे तुम्ही राहणार इथेच आणि जाणार ते हे तुमचे मोठे चिरंजीव. असंच ना?'

बाबांनी या वेळी अजिबात थांबायला लावलं नाही. पहिल्या रांगेत पहिलं. 'हो,' स्क्रीन म्हणाला, आणि बोट न उचलता त्यांनी पुन्हा दाबलं, आणि बोलबाई लिहीत होत्या तोवर दाबत राहिले, 'हो, हो, हो,' अशा आवाजात की तो माझा असूनही मला ओळखू येईना.

दादा रिकामा पेला हातात घेऊन स्क्रीनवर वाकला. सोळाही चित्रं तो एकेक करून बघत गेला, वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून. त्याला जे म्हणायचं होतं त्याचं चित्र मी काढलं नव्हतं.